पहिली मूठ

पगारपत्रके जपून ठेवण्याची मला खोड आहे. कुणी पोस्टाची तिकिटे जमवतो, कुणी जुनी नाणी जमवतो; मी बँकेतल्या अडतीस वर्षांच्या नोकरीतली यच्चयावत पगारपत्रके एका पत्र्याच्या पेटीत गठ्ठे बांधून ठेवली होती. १९८१ सालापासून २०१९ सालापर्यंतची. यात संग्राहकाचे कौतुक काही नाही. कारकुनी पेशातल्या माणसाला कागद फेकून देण्याची भीती वाटते, एवढेच. दिवाळीच्या आधी शेजारीपाजारी माळे उपसायला लागले की आमच्याही घरात तो वारा शिरतो. वास्तविक आम्ही ख्रिस्ती माणसे. आमची रंगसफेदी नाताळाच्या आधीची. पण नगरात (आता त्याचे अहिल्यानगर झाले आहे, तरी जिभेला अजून वळण लागलेले नाही) चाळीस वर्षे हिंदू शेजारात काढल्यावर घराला दोनदा आंघोळ घालण्याची सवय लागते.

तर अशा एका दुपारी ती पेटी खाली आली, आणि झाडू बाजूला ठेवून मी जमिनीवर बैठक मारली. आमच्या मंडळींनी स्वयंपाकघरातून दोनदा हाका मारल्या. (ख्रिस्ती माणसाच्या तोंडी 'मंडळी' या शब्दाला दोन अर्थ असतात. एक चर्चमधली आणि दुसरी घरातली. दोघींनाही मी थोडा भितोच.) मी मात्र गठ्ठे सोडून बसलो होतो. पगारपत्रकाची डावी बाजू वाचताना माणूस राजा असतो. मूळ पगार, महागाई भत्ता, घरभाडे भत्ता! उजव्या बाजूला आला की त्याचा मुखत्यार होतो. भविष्यनिर्वाह निधी, व्यवसाय कर, आयकर, विम्याचा हप्ता, पतपेढीचा हप्ता, १९९३ नंतर घराच्या कर्जाचा हप्ता. या सगळ्या मंडळींचा एक गुण सारखा होता. माझ्या हाती काही उरते की नाही याची वाट पाहत त्या थांबल्या नाहीत. पगार माझ्या हाती येण्यापूर्वीच त्यांनी आपापला वाटा उचललेला असे.

उजव्या बाजूचा तो रकाना मी वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला. अडतीस वर्षांत त्यात देवाचे नाव कुठे नव्हते. आता बँक देवाच्या नावाने कपात का करील, असे तुम्ही म्हणाल, आणि ते बरोबरच आहे. पण सांगायचे आहे ते निराळेच. सगळे घेणेकरी आधी येऊन घेऊन जात होते आणि देव तेवढा महिनाअखेरीस दारात उभा राहत होता, 'काही उरले आहे का?' असे विचारीत. आणि मी, पाच पिढ्यांचा नसलो तरी तीन पिढ्यांचा ख्रिस्ती, कितीतरी महिने त्याला 'पुढच्या महिन्यात बघू' असे सांगून परत पाठवीत होतो.

माझ्या आईने हे कधी केले नाही. तिला पगार नव्हता, हे एक कारण झाले.

आमचे गाव नेवासे तालुक्यातले. अमेरिकन मराठी मिशनने नगरात ठाणे घातले ते १८३१ साली. आमच्या गावापर्यंत शुभवर्तमान पोचायला बरीच वर्षे गेली आणि आमच्या आजोबांपर्यंत पोचायला आणखी काही. कौलारू छपराचे, घंटेऐवजी रुळाचा तुकडा टांगलेले एक चर्च, त्याच्या भोवती पंधरावीस घरे आणि आमची चार एकर कोरडवाहू जमीन. वडील ती कसत, आणि पाळकसाहेब दुसऱ्या गावी असले की रविवारी उपासना चालवीत. त्यांना वाचनाचा नाद होता. 'ज्ञानोदया'चे जुने अंक आणि लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' ही आमच्या घरातली ग्रंथसंपदा. शुभवर्तमानाचे पुस्तक आणि गीतांचे पुस्तक ही ग्रंथसंपदा नव्हे; ती भांड्याकुंड्यांसारखी रोजच्या वापरातली.

चुलीशेजारच्या फळीवर डालड्याचा एक पिवळा डबा होता. त्याच्यावरचे ताडाचे झाड हात लागून लागून अर्धे पुसून गेले होते. हा देवाचा डबा. आई जात्यावर दळायला बसण्यापूर्वी सुपातल्या ज्वारीची एक मूठ उचलून त्यात टाकी, आणि मग दळण घाली. आधी मूठ, मग दळण; हा क्रम कधी बदलला नाही. आठवडाभराच्या सात मुठी रविवारी चर्चमध्ये जात. तिथे एका पोत्यात सगळ्या घरांचे डबे रिकामे होत आणि ते धान्य कुणाला द्यायचे हे पंच ठरवीत. ही चाल आमच्याच गावची नव्हे. मिझोरामच्या टेकड्यांतून तिथल्या ख्रिस्ती बायका अशीच मूठभर तांदळाची राखण करतात, आणि त्यांच्या मंडळ्यांचा मोठा कारभार त्या मुठीवर चालतो, हे मी पुढे वाचले. लहानपणी मात्र मला वाटे, आमच्याच आईला हे खूळ आहे.

१९७२ सालचा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना त्याचे वर्णन सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना ते सांगून कळत नाही. आदल्या वर्षीही पाऊस रुसलाच होता. त्या वर्षी त्याने पाठच फिरवली. मी तेरा वर्षांचा होतो. विहिरीच्या तळाशी उतरून वाटीने घागर भरायची. बैल विकले. आई आणि वडील दोघेही दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. कामावर सुकडी मिळे, ती आई पदरात बांधून घरी आणी. रेशनवर अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी मिळू लागली. तिची भाकरी थापताना तुटे आणि खाताना घशाखाली उतरत नसे. पण तीही पुरेशी कुठे होती! आणि त्या मिलोचीही पहिली मूठ डब्यात जात होती.

एका संध्याकाळी वडिलांनी कंदिलाशी बसून एलीया संदेष्ट्याची गोष्ट वाचली. तीही दुष्काळातलीच. सारफथ गावच्या वेशीत एक विधवा काटक्या गोळा करीत असते. घरात मडक्यात मूठभर पीठ आणि कुपीत थोडे तेल. तेवढ्याची भाकरी करून ती आणि तिचा मुलगा खाणार, आणि मग मरणाची वाट पाहणार. तिला हा परका संदेष्टा सांगतो, त्यातूनच आधी माझ्यासाठी एक लहानशी भाकरी कर आणि मग तुमच्यासाठी. आधी त्याला! ती बाई तसे करते, आणि पुढे पाऊस पडेपर्यंत तिच्या मडक्यातले पीठ सरत नाही.

वडिलांचा आवाज गहिवरला होता. माझे मात्र टाळके फिरले. मी म्हणालो, "पोराच्या तोंडचं घास मागायला त्या बुवाला लाज नाही वाटली?" वडील माझ्याकडे पाहतच राहिले. आई म्हणाली, "पोराला भूक लागलीया. त्याला काय बोलू नका." एवढ्यावर धर्मचर्चा आटोपली. पण तो प्रश्न माझ्या मनातून गेला नाही, आणि खरे सांगायचे तर आज साठी ओलांडल्यावरही तो पुरता गेलेला नाही. देवाला पहिले स्थान द्यावे, हे डोंगरावरच्या प्रवचनापासून सगळीकडे सांगितले आहे, आणि ते मला मान्य आहे. पण तो पहिला घास कुणाच्या ताटातून निघतो, हे कोण पाहतो?

'स्मृतिचित्रे' मी नंतर वाचली ती याच डोळ्याने. नारायण वामन टिळकांची थोरवी मी सांगायला नको. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि १९१७ साली मिशनचा पगार सोडून, संन्यस्त वृत्तीने 'देवाचा दरबार' मांडला. पगारपत्रकच फाडून टाकले म्हणा ना! माझ्यासारख्याने अशा माणसापुढे नुसते हात जोडावेत. पण लक्ष्मीबाईंचे पुस्तक वाचताना मला हसू येई आणि थोडे रडूही, कारण टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे, आणि तो टिकला नाही म्हणजे चूल कशी पेटते हे टिळकांना नव्हे, लक्ष्मीबाईंना ठाऊक असे. त्यागाच्या कथा सांगणारे बहुधा ओसरीवर बसलेले असतात. लक्ष्मीबाईंनी ती कथा स्वयंपाकघरातून सांगितली, म्हणून ती खरी वाटते.

आता मूळ गोष्टीकडे वळतो. टाळतो आहे हे तुमच्या लक्षात आले असेल.

त्या उन्हाळ्यात, १९७३ च्या, मी देवाच्या डब्यातून चोरी केली. भुकेपोटी केली असती तर आज सांगताना थोडा अभिमानही वाटला असता. दुष्काळातल्या पोराची भूक ही गोष्ट कथाकारांनाही आवडते. पण तसे नव्हते. गावच्या दुकानदाराकडे गुळाची एक नवी ढेप आली होती. चांगली पिवळीधमक, काप घेतला की रवा दिसणारी. दुकानदार धान्याच्या बदल्यात वस्तू देई. आई-वडील खडीवर गेले होते. मी डबा काढला, पाच मुठी मिलो सदऱ्याच्या ओच्यात घेतली आणि तिच्या बदल्यात लिंबाएवढा गूळ आणला. ओढ्याच्या कोरड्या पात्रात बसून तो मी एकट्याने खाल्ला. धाकट्या बहिणीलाही दिला नाही. गूळ संपल्यावर बोटे चाटताना माझ्या मनात एक विचार आला, तो अजून आठवतो. देवाला काय मिलो खायची आहे थोडीच!

तो गुरुवार होता. शुक्रवारी घरातले पीठ संपले. कामावरचा पगार वाटायला साहेब आला नव्हता. संध्याकाळी आईने फळीवरचा तो डबा काढला, झाकण उघडले आणि आत पाहत क्षणभर उभी राहिली. मी दाराशी होतो. माझ्या पायांतले बळ गेले. तिने झाकण लावले, डबा परत ठेवला, आणि म्हणाली, "आज सुकडीवर भागवू." कुणी काही बोलले नाही. सारफथच्या विधवेचे पीठ सरले नाही, असे पुस्तकात आहे. आमचे सरले.

शनिवारी पैसे आले, रेशन आले. आईने दळण घातले, आणि मी पाहिले की तिने एकीच्या जागी दोन मुठी डब्यात टाकल्या. दुसऱ्या दिवशीही दोन. पुढे असे किती दिवस चालले ते मी मोजले नाही. पण त्या दिवसांत तिच्या ताटात अर्धी भाकरी असे, हे मात्र मी मोजले. मला वाटले, तिने मला काही विचारावे. चार थोबाडीत माराव्यात. तिने काही विचारले नाही, आणि मी काही सांगितले नाही.

पाऊस आला, दिवस पालटले. मी नगरला बोर्डिंगात राहून शिकलो, बी.कॉम. झालो, बँकेत लागलो. पहिला पगार मी अख्खा देवाला दिला. तशी आमच्यात पुष्कळ घरांतून रीत आहे, पहिल्या फळाचे दान. पाकिटावर नाव घालून, सगळ्यांना दिसेल असे वेदीपाशी नेऊन ठेवले. मंडळीत वाहवा झाली. पहिला पगार देणे सोपे असते, वाचकहो. त्या दिवशी ताशे वाजत असतात. बत्तिसावा पगार आला म्हणजे माणसाचे पाणी दिसते.

मी देवाला एकाएकी सोडले असे झाले नाही. तसे कुणाचेच होत नाही. श्रीमंत तरुणाच्या गोष्टीत तो तरुण येशूपुढून खिन्न होऊन निघून गेला. निदान त्याला कळले तरी की आपण निघून चाललो आहोत. आमच्यासारख्यांची पंचाईत निराळी. आम्ही जातही नाही. त्याच रांगेत, त्याच बाकावर बसून राहतो, आणि मधल्या मध्ये देवाचा नंबर एकेक पायरी खाली सरकत जातो. १९८७ साली आम्ही टेलिव्हिजन घेतला. त्या वर्षी जानेवारीपासून रविवारी सकाळी 'रामायण' दाखवू लागले. आता ख्रिस्ती माणसाने 'रामायण' पाहू नये असे काही नाही. मी ते आवडीने पाहिले. पण साडेनऊला ते लागे, आणि उपासनेची वेळही तीच. पहिले काही रविवार मी मन मारून चर्चला गेलो. मग एकदा डोके दुखले. मग पाहुणे आले. सीतेला सोडवून आणीपर्यंत माझे डोके पुष्कळ वेळा दुखले.

दशांशाचेही तसेच. उत्पन्नाचा दहावा भाग देवाचा, एवढे साधे ते गणित. पण कारकुनाच्या हाती कुठलेही गणित साधे राहत नाही. दशांश काढायचा तो कपातीपूर्वीच्या पगाराचा की हाती पडलेल्या रकमेचा? प्रवासभत्ता धरायचा की नाही? बोनस हे उत्पन्न की बक्षीस? गावी आईला पाठवतो ते पैसे त्यातून वजा का धरू नयेत? असले प्रश्न मी एका पाळकसाहेबांना विचारले. ते हसून म्हणाले, "देवाला चुकवण्यासाठी तुम्ही जेवढी अक्कल चालवता, तेवढी आयकर चुकवायला चालवली असती तर बंगला झाला असता." विनोदाने म्हणाले, पण बंगल्याचा शब्द माझ्या कानात राहिला.

आणि कापणीचा सण! त्याच्याविषयी सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. आमच्या मंडळ्यांतून सुगीनंतर हा सण होतो. बाया-माणसे शेतातले, परसातले पहिले पीक आणतात. ज्वारीची कणसे, भोपळे, ऊस, अंडी, पाय बांधलेली कोंबडी. वेदीपुढे ढीग लागतो. कोंबडी प्रार्थनेच्या मध्ये ओरडते आणि पोरांना हसू आवरत नाही. उपासना संपली की त्या वस्तूंचा लिलाव, आणि पैसे मंडळीच्या कामाला. या लिलावासारखे मनुष्यस्वभावाचे प्रदर्शन दुसरीकडे नाही. एका वर्षी एका लिंबावर मी आणि एक कंत्राटदार असे दोघे चढाओढीला लागलो. पाच, दहा, वीस, पन्नास. लोक टाळ्या देत होते. लिंबू मला एकशे एक रुपयांना पडले. त्या महिन्यात मी दशांश दिलेला नव्हता! घरी येताना मंडळींनी (घरातल्या) विचारले, "हे देवाला दिलंत की त्या कंत्राटदाराला?" त्या लिंबाचे सरबत मला गोड लागले नाही.

मग घराचे वेड आले. १९९३ साली सावेडीच्या बाजूला भूखंड घेतला आणि कर्ज काढले. घर बांधणारा माणूस त्या काळात दुसरे कुठलेही दैवत मानीत नाही, हे ज्यांनी घर बांधले आहे ते कबूल करतील. वाळू कुठली, सिमेंट किती, सळई बारा की दहा! रविवार हा एकच दिवस मोकळा, म्हणून रविवारी मी गवंड्यांच्या पाठीशी उभा. स्लॅब पडल्यावर तर त्याला पाणी मारायचे असते, ते धार्मिक कारणासाठीही चुकवून चालत नाही. ओळीने चौदा रविवार मी चर्चचे तोंड पाहिले नाही. देवासाठी काढून ठेवलेल्या पाकिटातून आधी एकदा दरवाजाच्या बिजागऱ्या आल्या, मग संडासाच्या फरश्या. परत ठेवू, असे मनाशी म्हणत होतो. कुणाच्या तरी ओच्यातून मिलो सांडत होती. पण तिकडे पाहायला सवड कुणाला?

१९९४ च्या उन्हाळ्यात घर पुरे झाले. पाळकसाहेबांनी घरप्रवेशाची प्रार्थना केली. दिवाणखान्यात, ख्रिस्त हा या घराचा धनी आहे अशा अर्थाची एक सुबक पाटी लावली होती. ती सर्वांना आवडली. धनी म्हणून त्याचे नाव पाटीवर. उताऱ्यावर माझे, आणि गहाणखतावर बँकेचे.

वडील आधीच गेले होते. आई गावाहून कायमची राहायला आली. तिला मी घर हिंडवून दाखवले. कडाप्प्याचा ओटा, सांडपाण्याची मोरी, भिंतीतली कपाटे. तिने सगळ्यावरून हात फिरवला. खूश होती. स्वयंपाकघरात मात्र ती रेंगाळली. एक कपाट उघडले, दुसरे उघडले, ओट्याखाली वाकून पाहिले. मला वाटले, पाण्याचे भांडे शोधते आहे.

"काय पाहिजे, आई?"

"काय नाय रं. देवाचा डबा कुटं ठिवलाय, त्ये बगतीया."

मी काहीतरी पुटपुटलो. शहरात आता तशी पद्धत राहिली नाही, आम्ही पैशांनीच देतो, वगैरे. तिने मान हलवली. पैशांनी देतो हे तिला खरे वाटले असावे, आणि तेच मला सोसवेना. रात्री सगळे झोपल्यावर ती ओसरीवर बसली होती, नव्या फरशीवर घोंगडी टाकून. मी तिच्याजवळ जाऊन बसलो आणि एकवीस वर्षांपूर्वीची गोष्ट सांगितली. गूळ, ओढ्याचे पात्र, पाच मुठी. घराच्या पाकिटाचेही सांगितले, कारण एकदा बूच निघाले की सगळेच बाहेर येते.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "गूळ तरी बरा व्हता का?"

मला हसावे की रडावे कळेना. म्हणालो, "तुला ठाऊक होतं?"

"आरं, दुकानदारानंच सांगितलं व्हतं. त्येला बी वाईट वाटलं आसंल." मग थोडे थांबून, अंधाराकडे पाहत ती म्हणाली, "म्या तुला काय बोलले न्हाय, त्येचं कारण निराळं हाय. त्या शुक्रवारी म्या डबा उगडला, तो काय मोजायला न्हाय उगडला. तुमची त्वांडं बगवंना. म्हनलं, आज देवाच्याच डब्यातलं दळू, देव काय म्हनतोय ते म्हनू दे. आत बगते तर दोनच मुठी. त्यात तुमचं बी भागलं नसतं आन् त्या म्हातारीचं बी न्हाय. मंग झाकान लावलं. मी बी चोरच व्हते की! तुला कुठल्या त्वांडानं बोलू?"

म्हातारी कोण, हे मला ठाऊक होते. खालच्या आळीला एकटी राहणारी, डोळ्यांनी अधू झालेली एक बाई होती. त्या वर्षी पंचांनी रविवारच्या पोत्यातले धान्य तिच्यासारख्या तीनचार घरांना द्यायचे ठरवले होते, आणि तिच्या घरी ते पोचवायला बहुतेक वेळा मलाच पाठवीत. त्या रविवारीही मीच गेलो होतो. पिशवी हाती घेऊन तिने तिचे वजन पाहिले होते आणि म्हणाली होती, "आज कमी दिसतंय, लेकरा. लोकान्लाच न्हाय, त्ये तरी कुटनं देतील!" हे मी एकवीस वर्षे विसरलो होतो. विसरलो होतो म्हणण्यापेक्षा, ते आठवणार नाही अशा जागी नेऊन ठेवले होते.

देवाला मिलो खायची नव्हती, हे माझे बरोबरच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तेव्हा ओट्यावर बोर्नव्हिटाचा एक रिकामा डबा धुऊन पालथा घातलेला होता. आईने सुनेला काही शिकवले नाही, सांगितले नाही. तांदूळ निवडून झाल्यावर धुण्याआधी एक मूठ काढून त्यात टाकली, इतकेच. चार दिवसांनी ती मूठ आमच्या मंडळींच्या हाताने पडू लागली. मीही महिन्याच्या एक तारखेला, दुसरे काही करण्याआधी, पाकीट भरू लागलो. सगळे ताळ्यावर आले असे मात्र समजू नका. देवाला आधी दिले की बाकीचे आपोआप भरून येते, असे छातीठोक सांगणारे मला पुष्कळ भेटले आहेत; त्यांच्या तोंडावर मी वाद घालत नाही. त्या वर्षी माझे कर्जाचे दोन हप्ते थकले, बँकेतल्याच माणसाने बँकेचे थकवले म्हणून साहेबाची बोलणी खाल्ली, आणि धाकटीच्या शाळेच्या फीसाठी मंडळींच्या पाटल्या गहाण पडल्या. पीठ सरतेच. आईचे म्हणणे एवढेच होते की ते सरले तरी कुणाचे आधी सरावे, हे माणसाच्या हाती असते. आणि तिने ते नेहमी आपले सरू दिले. हे तिने बरे केले की नाही, याचा निकाल मला लागलेला नाही. तिच्या ताटातली ती अर्धी भाकरी मला पुष्कळदा दिसते. देवाच्या नावाने घरातली एकच बाई उपाशी राहत असेल तर तो देवाचा मान नव्हे, घरातल्या इतरांची सोय आहे, असे मी एकदा मंडळीच्या सभेत बोललोही होतो. पुरुषांना ते रुचले नाही.

आई २००४ साली गेली. डबा आहे.

शेजारच्या काकूंना त्याचे फार कौतुक. दिवाळीत त्यांच्याकडे पहिला घाणा तळला की पहिल्या चकल्या देवापुढे जातात, आणि तोवर नातवंडांनी परातीला हात लावला की चापट मिळते. "तुमचा डबा आणि आमचा नैवेद्य, दोघे मावसभाऊच की हो!" असे त्या म्हणतात. आमच्या मंडळींनी त्यांना विचारले, "पण तुमचा देव नैवेद्य परत देतो. खाता तुम्हीच!" काकू हसल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पहिल्या ताटातले फराळ कामवाल्या बाईच्या मुलांना द्यायला सुरुवात केली. आता पहिल्या चकलीवर देवाचा हक्क की कामवाल्या बाईचा, यावर त्यांच्या घरी सासू-सुनांत वाद चालू आहे म्हणतात. मी त्यात पडत नाही.

तर ती पेटी. दुपार कलली तरी मी पगारपत्रकांत बसलेलो पाहून मंडळींनी निर्वाणीची हाक मारली, आणि खाली रद्दीवाला ओरडत गेला तो जणू तिचाच साथीदार. मी गठ्ठे उचलून खाली नेले. अडतीस वर्षांची माझी मिळकत त्याने तराजूत घातली. दोन किलो भरली. सव्वीस रुपये मोजून त्याने माझ्या हातावर ठेवले. मी ते खिशात टाकणार, इतक्यात जिन्यावरून नात खाली आली. सुटीसाठी पुण्याहून आली आहे, सहा वर्षांची आहे. तिच्या दोन्ही हातांत तो बोर्नव्हिटाचा डबा होता. आजीने पाठवले होते.

"आजोबा, दशांश किती होतो?"

"दोन रुपये साठ पैसे."

"साठ पैसे कसे असतात?"

साठ पैसे आता कुणाकडेच नसतात. मी तीन रुपये टाकले. ती डबा हलवून, आतल्या तांदळात नाणी गडप झालेली पाहत म्हणाली, "मग चाळीस पैसे देव परत देईल?"

मी म्हणालो, "आजीला विचार."